पायांतील नीला आणि मराठवाड्याचे ताट

पायांवरील शिरा निळसर गाठींप्रमाणे फुगून वर याव्यात, दिवस कलताच पिंढऱ्या ठणकू लागाव्यात, घोट्यांवर सूज चढावी, आणि वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाल्यास घोट्याच्या आतील अंगाची कातडी काळवंडून तेथे महिनोन्‌महिने न भरणारी जखम व्हावी, असा जो विकार आज खेड्यांतील माणसेही ‘व्हेरिकोज व्हेन्स’ या नावानेच ओळखतात, त्याचा रोजच्या अन्नाशी काही संबंध आहे किंवा नाही, आणि असल्यास तो किती, हा प्रश्न नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात मुद्दाम तपासण्याजोगा आहे. लातूरच्या अडत बाजारात पोती वाहणारा हमाल, शिकवणीच्या वर्गात तासन्‌तास फळ्यापुढे उभा असणारा शिक्षक, एसटीचा वाहक, रुग्णालयातील परिचारिका, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील लंगरात कढईपाशी राबणारा सेवादार, आणि या सर्वांहून संख्येने कितीतरी मोठा असा, चुलीपुढे वा ओट्यापुढे आयुष्य काढणाऱ्या स्त्रियांचा वर्ग, यांना हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. निजामी अमलात नांदेडच्या उस्मानशाही गिरणीत मागापुढे उभे राहिलेल्या कामगारांनाही तो तसा वाटला नसता. या लोकांच्या कानांवर मात्र दोन टोकांचे सल्ले येतात. खाण्यापिण्याचा या रोगाशी काडीचा संबंध नाही, असे एक टोक सांगते. अमुक चूर्ण, तमुक रस किंवा सकाळी घोटभर व्हिनेगर घेतल्यास फुगलेल्या शिरा महिन्याभरात बसतील, असे दुसरे. पुराव्याचा हिशेब मांडून पाहिल्यास माझे मत असे झाले आहे, की शिरेतील एकदा निकामी झालेली झडप कोणत्याही अन्नाने पूर्ववत होत नाही. परंतु त्या झडपांवरचा भार ज्या कारणांनी वाढतो, त्यांपैकी काही कारणे स्वयंपाकघरात निर्माण होतात, आणि तेथेच ती आवरता येतात.

आधी यंत्रणा समजून घेतली पाहिजे. हृदयातून निघालेले रक्त रोहिण्यांवाटे जोराने पायांपर्यंत उतरते. परत जाताना मात्र त्याला नीलांतून, म्हणजे या शिरांतून, गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध, चार-साडेचार फूट वर चढावे लागते, आणि हृदयाचा मूळ जोर तोवर बराचसा ओसरलेला असतो. हे काम मुख्यतः पिंढरीचे स्नायू करतात. पाऊल उचलले, की ते आकुंचन पावून खोलवरच्या नीला दाबतात आणि रक्त वर ढकलले जाते. पाऊल टेकले, की ते रक्त परत खाली येऊ नये म्हणून नीलांच्या आत नाजूक पडद्यांच्या झडपा मिटतात. विहिरीतील पंपाच्या तळाशी शेतकरी जो फूट-व्हॉल्व्ह बसवतो, त्याचे कार्य हेच, आणि तो गळू लागला म्हणजे पाण्याचे जे होते तेच झडप बिघडलेल्या नीलेतील रक्ताचे होते. पादुआचा शरीरशास्त्रज्ञ फाब्रिसियस याने १६०३ साली या झडपांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि त्याचा शिष्य विल्यम हार्वे याने १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडताना याच झडपांचा दाखला दिला. माणूस निश्चल उभा असताना घोट्यापाशी नीलांतील दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत जातो, आणि तोच चालू लागला की हा दाब ३०च्या आसपास किंवा त्याखाली येतो, ही एकच गोष्ट ध्यानात ठेवली, तरी या विकाराचे अर्धे मर्म उलगडते.

झडप बिघडते ती अनेक कारणांनी. आनुवंशिकता हे त्यांतील सर्वांत बलवत्तर कारण. आई-वडिलांपैकी एकाला हा विकार असल्यास मुलांना तो होण्याची शक्यता लक्षणीय वाढते. वय वाढते तशी नीलेची भिंत सैल होते. गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने वाढते, संप्रेरकांमुळे नीलांच्या भिंती शिथिल होतात आणि वाढता गर्भाशय ओटीपोटातील मोठ्या नीलांवर दाब आणतो. म्हणून अनेक स्त्रियांच्या बाबतीत या रोगाचा आरंभ पहिल्या-दुसऱ्या बाळंतपणात सापडतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘सिराज ग्रंथी’चे जे वर्णन आले आहे, आणि ज्याचा संबंध अनेक वैद्य या विकाराशी जोडतात, त्यातही दुर्बळ माणसाचे अतिश्रम हेच निमित्त सांगितले आहे, म्हणजे श्रमाचा आणि शिरांचा संबंध आपल्याकडे फार पूर्वीच ध्यानात आलेला होता. या कारणांच्या यादीत अन्नाचे नाव मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत गांभीर्याने कोणी घेतलेले दिसत नाही.

ते घेतले डेनिस बर्किट या आयरिश शल्यवैद्याने. युगांडात अनेक वर्षे शस्त्रक्रिया केलेल्या या वैद्याला असे आढळले, की इंग्लंडात ज्या व्याधींनी शल्यविभाग भरलेले असतात, त्यांपैकी मूळव्याध, नीलांत रक्ताच्या गुठळ्या होणे आणि पायांच्या शिरा फुगणे या व्याधी आफ्रिकेच्या ग्रामीण भागात विरळा दिसतात. १९७२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्याने आपली उपपत्ती मांडली. पांढरा मैदा व साखर यांच्या आहारात चोथा उरत नाही. चोथा नसल्याने मल घट्ट होतो. घट्ट मल बाहेर टाकण्यासाठी रोज जोर द्यावा लागतो. आणि त्या जोराने पोटात निर्माण होणारा दाब नीलांवाटे खाली पायांत उतरून, एकामागून एक झडपा कालांतराने निकामी करतो.

त्याच १९७२ साली आपल्या देशातील एक पाहणी प्रसिद्ध झाली, आणि मराठी वाचकाला ती अधिक जवळची वाटावी. मुंबईत पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी असलेले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी रेल्वेच्या दप्तरी नोंदलेल्या कामगारांच्या आरोग्याचा उपयोग करून आहार व रोग यांचे संबंध तपासण्याचे काम अनेक वर्षे केले होते. शिरांच्या विकारासाठी त्यांनी उत्तर व दक्षिण हिंदुस्थानातील एकाच प्रकारचे काम करणाऱ्या रेल्वे कामगारांची तुलना केली, तेव्हा दक्षिणेकडील कामगारांत सुमारे २५ टक्के, तर उत्तरेकडील कामगारांत जेमतेम ७ टक्के लोकांना हा विकार आढळला. काम सारखे, पगार जवळपास सारखा, उभे राहणे सारखे. फरक दिसला तो ताटात, एकीकडे चोथा गमावलेला पांढरा भात आणि दुसरीकडे गव्हाची पोळी व भाजीपाला. मल्होत्रांचे अनुमान बर्किटच्या अनुमानाशी जुळणारे होते.

मराठवाड्याचा मुलूख भाताच्या व गव्हाच्या या दोन प्रदेशांच्या बरोबर सीमेवर आहे, आणि त्याचे स्वतःचे धान्य या दोहोंहून निराळे, म्हणजे ज्वारी. ते १९७२ साल मराठवाड्याला कशासाठी स्मरते, हे येथे सांगण्याची गरज नाही. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांना सुकडी वाटली जात होती आणि अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी घराघरांत थापल्या जात होत्या. ज्या वर्षी विद्वान लोक चोथ्याच्या अभावाचा विचार करीत होते, त्या वर्षी येथील माणसांपुढे अन्नाच्याच अभावाचा प्रश्न होता. आहारशास्त्राचा कोणताही सिद्धांत या प्रदेशास लावताना ही गोष्ट विसरता येत नाही, कारण ज्याला दोन वेळा पोटभर मिळत नाही, त्याला चोथ्याचे ग्रॅम सांगणे निर्दयपणाचे आहे.

बर्किट-मल्होत्रांच्या या उपपत्तीचे पुढे काय झाले? ती सुबक होती, आणि म्हणूनच तिची कसून परीक्षा व्हायला हवी होती. आक्षेप दोन आले. पहिला असा, की उत्तर व दक्षिण, किंवा युगांडा व इंग्लंड, यांच्यातील माणसांत केवळ आहाराचा फरक नसतो; शरीराची ठेवण, आनुवंशिकता, सरासरी आयुर्मान, बसण्या-उठण्याच्या सवयी या सर्वच बाबी भिन्न असतात, आणि एकाच वेळी केलेल्या मोजणीतून यांपैकी नेमके कोणते कारण खरे, हे निवडता येत नाही. दुसरा आक्षेप पाहणीतूनच आला. एडिंबरा शहरात १८ ते ६४ वयाच्या १,५६६ स्त्री-पुरुषांची जी तपासणी झाली आणि जिचे निष्कर्ष १९९९पासून प्रसिद्ध होत गेले, तीत मुख्य नीलांचा विकार पुरुषांत सुमारे ४० टक्के आणि स्त्रियांत ३२ टक्के आढळला. हा रोग बायकांचाच, ही समजूत त्यामुळे बरीच ढळली. आहारातील चोथ्याचे प्रमाण आणि शिरांचा विकार यांचा सुसंगत संबंध या पाहणीत सापडला नाही. परंतु पुरुषांमध्ये शौचाच्या वेळी जोर द्यावा लागणे व नीलांतील दोष यांचा संबंध दिसला, आणि स्त्रियांमध्ये वाढत्या वजनाचा दिसला. बर्किटने रचलेल्या साखळीचे शेवटचे टोक काही अंशी टिकले, पहिले मात्र सिद्ध झाले नाही. आणि माझ्या मते आज प्रामाणिकपणे एवढेच म्हणता येते, की चोथा नीलेचे थेट रक्षण करतो असा पुरावा नाही, पण तो मलावरोध टाळतो हे निर्विवाद आहे, आणि मलावरोध टाळणे पायांच्या दृष्टीने हितावह असण्याचा संभव आहे. ज्याला मूळव्याधीचाही त्रास आहे, आणि असे रुग्ण पुष्कळ असतात, त्याला तर हा सल्ला दुपटीने लागू पडतो.

आता येथील ताटाकडे वळू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १०.२ ग्रॅम चोथा असतो, बाजरीत ११.५, गव्हाच्या न चाळलेल्या पिठात ११.४, आणि सडलेल्या पांढऱ्या तांदळात फक्त २.८. हे आकडे नीट पाहिले म्हणजे आपल्याकडे रूढ झालेल्या एका भाबड्या समजुतीला मुरड घालावी लागते. भाकरी गेली आणि पोळी आली म्हणून मराठवाड्याचे पोट बिघडले, असे पुष्कळ जण म्हणतात. पण कोंड्यासकट दळलेल्या गव्हाची पोळी चोथ्याच्या बाबतीत भाकरीहून उणी नाही. खरा तोटा अन्यत्र झाला आहे. नांदेड जिल्ह्यातील देगलूर-बिलोलीकडे पूर्वीपासून असलेला भात आता रेशनमुळे सर्वदूर पोचला. खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, आणि ते सोयाबीन घरच्या ताटात न येता बाजारात गेले. ज्वारी विकत घेण्याची पाळी आलेल्या शेतमजुराला स्वस्त धान्याच्या गहू-तांदळापुढे ती परवडेनाशी झाली. शहरांत पाव, खारी, टोस्ट व मैद्याचे बिस्किट हा मुलांचा नाश्ता झाला. भाकरीबरोबर जे येत असे ते तर अधिकच गेले. अंबाडीची, करडईची, हरभऱ्याची, घोळीची, तांदुळजाची पालेभाजी, मटकी-हुलग्याची उसळ, जवसाची व कारळाची चटणी, ही भाकरीची सोबत होती. पोळीबरोबर बटाट्याची पातळ भाजी आणि भाताबरोबर नुसते वरण आले, तेव्हा धान्य बदलल्याने झाले नसते इतके नुकसान या सोबतीच्या बदलाने झाले.

लातूर ही तुरीची मोठी बाजारपेठ आणि डाळ मिलांचे शहर. तेथील एक साधी वस्तुस्थिती या विषयात फार बोलकी आहे. अख्ख्या तुरीत १०० ग्रॅममागे जवळजवळ २३ ग्रॅम चोथा असतो, डाळीत ९; मधला फरक टरफलाबरोबर चुणीत जातो आणि चुणी जनावरांच्या गव्हाणीत. याचा अर्थ डाळ वाईट, असा मुळीच नव्हे. पण हिरव्या तुरीच्या सोल्यांची आमटी आणि सालासकट मटकी, मूग, हुलगा हे हंगामी पदार्थ न राहता आठवड्यातून चार दिवस ताटात आले, तर पोषण संस्थेने २,००० कॅलरींच्या आहारास सुमारे ३० ग्रॅम म्हणून सांगितलेले चोथ्याचे प्रमाण गाठणे सामान्य कुटुंबाला अशक्य नाही. लातूर व धाराशिव भागात मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला शेतावर जे जेवण होते, त्यात हिरवे हरभरे, तूर, वाल, शेंगदाणे आणि हाती लागेल तो पाला एकत्र शिजवून केलेली भज्जी, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, उंडे आणि गव्हाची खीर असते. चोथा, प्रथिने आणि पातळ पदार्थ यांचा इतका समतोल मेळ आहारतज्ज्ञालाही सहजी जमणार नाही, आणि ही भज्जी वर्षातून एकदाच का शिजावी, हा प्रश्न मला नेहमी पडतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’सारखे रब्बी ज्वारीचे वाण दिले, २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे म्हणून साजरे केले; आता शाळेच्या पोषण आहारात आणि अंगणवाडीत ज्वारी व सालासकट कडधान्ये यांची कायमची तरतूद झाल्यास त्या गौरवाला अर्थ येईल.

चोथ्याचा विचार पाण्यावाचून अपुरा आहे. पाणी कमी पडले, तर चोथाच मलाला अधिक घट्ट करतो. म्हणून पाणी न वाढवता इसबगोल किंवा कोंडा खाणाऱ्याची तक्रार वाढलेली दिसते. आणि पाण्याची गोष्ट लातूरकरांना वेगळी सांगावी लागत नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून आगगाडीने ज्या शहरास पाणी आणावे लागले, तेथे पिण्याचा प्रत्येक तांब्या मोजून घेतला जात असे. याहून दुखरी बाब अशी, की शेतात, बाजारात किंवा बांधकामावर दिवस घालवणाऱ्या स्त्रिया आडोसा मिळणार नाही म्हणून पाणी पिणेच टाळतात आणि शौचाचा वेगही दाबून ठेवतात. या स्त्रियांच्या मलावरोधाचे मूळ त्यांच्या ताटात शोधणे अन्यायाचे आहे. बाजार समितीच्या आवारात आणि कामाच्या जागी स्वच्छ शौचकूप बांधणे हाच त्याचा खरा इलाज. गरोदर स्त्रियांना लोहाच्या गोळ्यांनी मलावरोध होतो, म्हणून पुष्कळजणी गोळ्याच सोडून देतात. त्यांनी गोळ्या न सोडता पाणी, पालेभाजी, पेरू-पपईसारखी फळे वाढवावीत आणि त्रास राहिल्यास डॉक्टरांना सांगावे.

वजनाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण त्याबाबत मतभेद नाहीत. पोटाचा घेर वाढला म्हणजे ओटीपोटातील दाब वाढतो, चालणे कमी होते, आणि एकदा जखम झाली की ती भरण्यास विलंब लागतो. दिवसातून पाच-सहा वेळा घेतलेला साखरेचा चहा, तळलेले पदार्थ आणि फरसाण यांतून येणाऱ्या कॅलरी बैठ्या दुकानदाराकडून खर्च होत नाहीत. मिठाने शिरा फुगत नाहीत. परंतु ज्याच्या पायांवर आधीच सूज आहे, त्याच्या शरीरात अधिक मीठ पाणी धरून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मिठाची आहे, आणि राष्ट्रीय पाहणीत भारतीयांचे सरासरी सेवन ८ ग्रॅमच्या घरात आढळले आहे. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे आणि वरून घेतलेली मिठाची चिमूट यांनी हा फरक सहज भरतो.

यापुढचे क्षेत्र जाहिरातींचे, आणि तेथे सावधपणा हवा. लिंबूवर्गीय फळांच्या सालीत हेस्पेरिडिन, कुटूच्या पिठात रुटिन, अशी काही वनस्पतिजन्य द्रव्ये आहेत, आणि त्यांच्याशी नाते असलेली डायोस्मिनसारखी औषधे शिरांच्या विकारात दिली जातात. कोक्रेन या संस्थेने २०२० साली घेतलेल्या आढाव्यात अशा औषधांनी सूज थोडी कमी होते असे दिसले, पण रुग्णाच्या जीवनमानात फारसा फरक आढळला नाही आणि जखम भरण्याबाबतही खात्रीचा पुरावा मिळाला नाही. यातून मोसंबी खाल्ल्याने शिरा बसतात असा निष्कर्ष काढणे चुकीचे. जालना-छत्रपती संभाजीनगरकडची मोसंबी खावी ती फळ म्हणून. क जीवनसत्त्वाची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण नीलेच्या भिंतीतील कोलॅजेन नावाचा धागा तयार होण्यास ते अनिवार्य असते. त्यासाठी आवळा, लिंबू, पेरू व कच्ची कोशिंबीर पुरे, गोळ्यांची आवश्यकता नाही. व्हिनेगरने किंवा बिटाच्या रसाने झडप दुरुस्त झाल्याचा पुरावा नाही.

आपल्याकडची एक समजूत मात्र मला जाहिरातींहून अधिक घातक वाटते. पाय ठणकतात म्हणजे वात वाढला, असे ठरवून रुग्ण हरभरा, तूर, मटकी, वांगे, पालेभाजी असे ‘वातूळ’ म्हणून जे जे ओळखले जाते ते सोडतो आणि मऊ भात, तूप व पातळ वरणावर राहतो. चोथा गेला, प्रथिने गेली, आणि जर पायाला जखम असेल तर ती भरून येण्यासाठी जी सामग्री शरीराला हवी, तीच पथ्याच्या नावाने काढून घेतली गेली. जखमेच्या रुग्णाला डाळी, उसळी, दूध, अंडी आणि खात असल्यास मासे-मटण भरपूर मिळाले पाहिजे; मधुमेह असेल तर साखरेवर काटेकोर नियंत्रण ठेवले पाहिजे. एक अपवाद नोंदवणे अगत्याचे आहे. नीलेत गुठळी झाल्यामुळे ज्यांना वॉर्फरिन किंवा ॲसिनोकुमारॉल ही रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत, त्यांनी पालेभाजी वर्ज्य करू नये, पण तिचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे. एका आठवड्यात पालेभाजी मुळीच नाही आणि दुसऱ्या आठवड्यात मेथी-पालक भरपूर, असे झाल्यास तिच्यातील के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम वरखाली होतो.

अन्नाची सीमा येथे संपते. झडपा निकामी झालेल्या नीलेवर आज लेसर, रेडिओ-लहरी किंवा औषधाचे इंजेक्शन यांनी उपचार होतात, आणि पूर्वीप्रमाणे दीर्घकाळ खाटेवर पडून राहावे लागत नाही. दाबमोजे उपयुक्त आहेत, जरी मे महिन्याच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत ते घालणे येथील माणसाला जड जाते. या उपचारांसाठी आता दूर जाण्याचे कारण उरलेले नाही. नांदेडला १९८८पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरलाही आहे, आणि अंबाजोगाईचे त्याही आधीपासून आहे. मल्होत्रांनी रेल्वे कामगारांची जशी मोजणी केली, तशी लातूरच्या हमालांची, एसटीच्या वाहकांची आणि नांदेडच्या शेतमजूर स्त्रियांची, त्यांच्या आहाराच्या व शौचाच्या सवयींसह, या तीन महाविद्यालयांनी मिळून हाती घ्यावी, अशी माझी विनंती आहे. तांदूळ, गहू आणि ज्वारी एकाच जिल्ह्यात निरनिराळ्या घरांत खाल्ली जातात अशी जागा याहून सोयीची मिळणार नाही. आणि ज्यांचे पाय आज दुखत आहेत त्यांनी त्या मोजणीची वाट पाहू नये: उभे राहण्याच्या कामात दर अर्ध्या तासाने दहा-वीस पावले चालावे किंवा टाचा उचलाव्यात, रात्री पाय उशीवर ठेवावेत, आणि घोट्याची कातडी काळी पडू लागली, फुगलेल्या शिरेतून रक्त आले किंवा एकच पाय एकाएकी सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.